भूमध्य समुद्रातली लक्झरी क्रूझ: आई-बाबा आणि मुलांसह (सल्ला हवा आहे)

निशिगंध

नमस्कार मंडळी,

येत्या वर्षी माझ्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं पूर्ण होतायत. हॉल घेऊन जेवणावळ घालण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एक मोठा प्रवास करावा असं घरात ठरलं, आणि आईंनी आपणहून सांगितलं की बोटीनेच जायचं. आम्ही सहा जण आहोत. आई-बाबा दोघंही सत्तरीपुढचे, आम्ही दोघं, दहावीची परीक्षा देणारी लेक आणि पाच वर्षांचा मुलगा. बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे. सपाटीवर तासभर निवांत चालतात, जिने मात्र नकोत. आई पूर्ण शाकाहारी, संकष्टी कडक पाळतात.

एजंटने भूमध्य समुद्रातल्या आठवड्याच्या सफरीचे दोन पर्याय दिलेत. एक सातशेच्या आसपास प्रवाशांचं छोटं लक्झरी जहाज. सगळ्या खोल्या स्वीट, खाणंपिणं आणि टिप्स किमतीतच. दुसरं पाच-सहा हजार प्रवाशांचं अवाढव्य जहाज, पण त्यात स्वीटवाल्यांसाठी वेगळा राखीव विभाग, वेगळं रेस्टॉरंट, वेगळा पूल. आमच्या दोन्ही कोटेशनमध्ये फार तफावत नाही. बरीच वर्षं बाजूला टाकलेले पैसे आहेत, पुन्हा होणारा खर्च नाही, म्हणून चार जाणत्यांना विचारून मगच आगाऊ रक्कम भरायची.

कोणतं जहाज घ्यावं? मे बरा की दिवाळीची सुट्टी? बाबांना झेपेल का? लहानग्याचं काय? जे सुचेल ते सांगा.

दर्यावर्दी

निशिगंधताई, आई-बाबांना माझा नमस्कार सांगा.

मी मालवणचा. उमेदीची वर्षं क्रूझ जहाजांवर हॉटेल विभागात काढली, त्यातली बरीचशी याच समुद्रात. त्या अनुभवावरून सांगतो: जहाज कोणतं हा प्रश्न नंतरचा. आधी दोन्ही सफरींची बंदरांची यादी वेळांसकट मागवा. प्रत्येक बंदरापुढे लिहा, धक्क्यापासून बघायची जागा किती लांब आहे आणि जहाज तिथे किती तास थांबणार आहे. तुमच्यासारख्या तीन पिढ्यांच्या कुटुंबाची सफर सुखाची होणार की दमछाकीची, हे या दोन आकड्यांवर ठरतं. स्वीटमधला बटलर ते बदलू शकत नाही.

जाहिरातीत ‘रोम’ लिहिलेलं असतं. जहाज लागतं चिविताव्हेक्कियाला, तिथून रोम सुमारे ७० किलोमीटर. ‘फ्लोरेन्स’ म्हणजे लिव्होर्नोचा धक्का आणि पुढे बसने दीड तास. ‘व्हेनिस’चं तर विचारूच नका. १ ऑगस्ट २०२१पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना सान मार्को या मुख्य चौकासमोरून जायला बंदी आहे. त्यामुळे कोणी मार्गेराला लागतं, कोणी थेट राव्हेन्ना किंवा ट्रिएस्टला. तुमचं सातशे प्रवाशांचं जहाजही या मर्यादेच्या वरच असणार.

आता दुसरी बाजू बघा. कोटोरला जहाजातून उतरलं की समोर जुन्या शहराची वेस. ऱ्होड्सला धक्क्याला लागूनच सेंट जॉनच्या सरदारांनी बांधलेली तटबंदी (१३०९ ते १५२२ त्यांचं राज्य होतं). स्प्लिटला समुद्रकाठच्या रस्त्यावरून चालत डायोक्लेशियन बादशहाच्या राजवाड्यात शिरता येतं, आणि त्या वाड्यात आजही लोक राहतात, दुकानं चालवतात. व्हॅलेटा उंचावर आहे, पण धक्क्याजवळून ५८ मीटरची लिफ्ट थेट वरच्या बागेत नेते. मेसिनाला दहा मिनिटांत कॅथेड्रल. अशा ठिकाणी बाबा सकाळी तासभर फिरून कॉफी घेतील, दमले तर जेवायला जहाजावर येतील, आणि वाटलं तर संध्याकाळी पुन्हा उतरतील. बसने दीड तास गेलेल्या माणसाला ही मुभा राहत नाही.

हे बघून झालं की जहाजाबद्दल बोलू.

रानवारा

वाचनखूण साठवली. दर्यावर्दी, बंदरांवर वेगळा धागा काढाच.

पिंपळपान

थोडं वेगळं मत. सहा जणांचा लक्झरी क्रूझचा खर्च पाहिला तर त्यात टस्कनीत मोठं घर भाड्याने घेऊन, ड्रायव्हरसकट गाडी ठेवून तीन आठवडे राहता येईल. क्रूझवर प्रत्येक गावाला सहा-आठ तास मिळतात. संध्याकाळी गाव निवांत होतं, स्थानिक माणसं बाहेर पडतात, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला निघावं लागतं. मला स्वतःला देश बघायचा तर मुक्कामाला पर्याय नाही असं वाटतं.

चैत्रपालवी

पिंपळपान, तुमचं म्हणणं दोघांच्या प्रवासाला शंभर टक्के लागू आहे. आम्ही म्युनिकला राहतो, इटलीला गाडीने वरचेवर जातो, आणि तसंच फिरतो. पण माझे आई-वडील नाशिकहून आले तेव्हा आम्ही क्रूझ केली आणि ती त्यांना फार मानवली. बॅग एकदाच उघडायची, औषधांचा डबा एकाच कपाटात, रोजचा पलंग तोच, बाथरूम तेच. सत्तरीनंतर या गोष्टींचं मोल मोठं असतं. शिवाय कोणाला उतरायचं नसेल तर त्याच्यासाठी बाकीच्यांचा दिवस अडत नाही. बाबा डेकवर पेपर वाचत बसले, आम्ही फिरून आलो, जेवायला सगळे एकत्र.

तुमचा संध्याकाळचा मुद्दा मात्र अगदी खरा. म्हणून निशिगंध, ज्या सफरीत एखाद्या बंदरात रात्रीचा मुक्काम आहे किंवा जहाज रात्री दहा-अकराला सुटतं, ती घे. छोटी लक्झरी जहाजं असं बऱ्याचदा करतात. मोठी जहाजं बहुधा पाच-सहाला नांगर उचलतात.

आणि रोम बघायचंच असेल तर क्रूझमधला एक दिवस त्यावर घालवू नकोस. सफर चिविताव्हेक्कियाला सुरू किंवा संपत असेल अशी निवड आणि रोममध्ये हॉटेल घेऊन चांगले तीन-चार दिवस राहा. पाच वर्षांच्या मुलाला घेऊन सकाळी सातला बस, मग व्हॅटिकनची रांग, मग कोलोसियम आणि धावतपळत परत, यात कोणालाच काही दिसत नाही.

वारही बघून ठेव. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. १ मेला अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस बंद असतं. आठवड्याच्या सफरीत तो दिवस फिरून परत येत नाही.

निशिगंध

किती मोलाची माहिती! दर्यावर्दीकाका, तुम्ही म्हणालात तशी यादी मागवली. मोठ्या जहाजाची: बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, नेपल्स, सिसिली आणि माल्टा. छोट्या जहाजाच्या दोन सफरी आहेत. एक अथेन्सहून सॅन्टोरिनी, मिकोनोस, तुर्कस्तानातलं कुशादासी करत परत अथेन्स. दुसरी रोमजवळून निघून मेसिना, व्हॅलेटा, कॉर्फू, कोटोर, दुब्रोव्हनिक, स्प्लिट करत ट्रिएस्टला संपते. सॅन्टोरिनीचे फोटो बघून लेक पहिलीच घेऊया म्हणतेय.

दर्यावर्दी

सॅन्टोरिनीचं नीट सांगतो, कारण माणसं इथेच फसतात.

तिथे मोठ्या जहाजाला धक्का नाही. जुन्या ज्वालामुखीचं तोंड समुद्राने भरलेलं आहे, पाणी खूप खोल. जहाज मध्ये उभं राहतं आणि लहान बोटींनी प्रवासी फिरा गावाखालच्या जुन्या बंदरात नेतात. त्याला टेंडर म्हणतात. जहाजाच्या पोटातलं दार उघडतं, बाहेर लोखंडी फलाट, त्याच्या कडेला टेंडर लाटेबरोबर वर-खाली होत असते. दोन खलाशी प्रवाशाचा हात कोपराखाली घट्ट धरतात, बोट वर येऊन फलाटाशी समान झाली की ‘आता’ म्हणतात, आणि त्या क्षणी पाय टाकायचा. शांत पाण्यात सोपं आहे. पाणी हललेलं असेल तर दुखऱ्या गुडघ्याचं काम नाही. उतरल्यावर वर जायला केबल कार, गाढवं किंवा सहाशेच्या आसपास पायऱ्या. चार जहाजं एकाच दिवशी आली की केबल कारची रांग भर उन्हात. गर्दी इतकी वाढली की २०१९पासून तिथे दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली आहे, आणि २०२५च्या जुलैपासून ग्रीस सरकार उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ प्रवाशाकडून शुल्क घेतं. सॅन्टोरिनी आणि मिकोनोसला ऐन हंगामात माणशी २० युरो.

मिकोनोसला वाऱ्याचा त्रास. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो. आभाळ स्वच्छ, ऊन लख्ख, आणि वारा असा की कप्तान बंदर रद्द करून पुढे निघतो. तिकिटाच्या अटींत त्याला तो अधिकार दिलेला असतो, त्याबद्दल भरपाई मागता येत नाही.

कुशादासीहून एफिसस या प्राचीन शहराचे अवशेष बघणं मात्र बाबांना जमेल. वरच्या दाराने आत जायचं आणि उतारावरून खालच्या दाराशी यायचं, वाटेत सेल्ससचं ग्रंथालय. उतरताना गुडघ्याला पट्टा हवा, संगमरवर पायाखाली गुळगुळीत झालेला आहे.

माझं मत विचाराल तर दुसरी सफर, रोम ते ट्रिएस्ट. एखादं बंदर ऐन वेळी टेंडरचं निघू शकतं, कोटोरला गर्दी असली की तसं होतं, म्हणून वेळापत्रकात प्रत्येक नावापुढे ‘धक्का’ आहे की ‘नांगर’ हे एजंटला विचारा.

वैद्यबुवा

मी डॉक्टर आहे, माझे बरेच रुग्ण या वयात प्रवासाला जातात. काही गोष्टी आत्तापासून करा.

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. ती व्हिसाची अट आहे, तुमची गरज त्याहून मोठी आहे. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर-नर्स असतात, पण उपचारांचं बिल थेट खोलीच्या खात्यावर चढतं आणि तुम्हाला ते आधी भरून मग विमा कंपनीकडून मागावं लागतं. मोठा प्रसंग आला तर रुग्णाला जहाजावरून उतरवून जवळच्या शहरात नेतात. म्हणून ज्येष्ठांसाठी जास्त रकमेचा, रुग्ण हलवण्याचा खर्च देणारा विमा घ्या. आधीचे आजार अर्जात स्पष्ट लिहा. रक्तदाबाची गोळी चालू आहे हे लपवलं तर दावा तिथेच अडकतो.

औषधं दोन ठिकाणी विभागून हातातल्या सामानात ठेवा. पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा धक्क्यावर घेतात आणि खोलीत पोचायला संध्याकाळ होते. दुपारची इन्शुलिन किंवा गोळी त्या बॅगेत अडकायला नको. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आपल्याकडचं ब्रँडनाव तिकडच्या फार्मसीला कळणार नाही.

बोट लागण्याबद्दल: मेमध्ये हा समुद्र बहुधा शांत असतो. तरी खोली जहाजाच्या लांबीच्या मध्यावर आणि जमेल तितक्या खालच्या डेकवर घ्या, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. गोळी त्रास व्हायच्या आधी घ्यायची असते. पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी अव्होमिनसारखी गोळी आपल्या मनाने घेऊ नये. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

हिशेबनीस

पैशाच्या बाजूने एक गोष्ट कोणी बोललं नाही, आणि ती फार महत्त्वाची आहे.

क्रूझची पूर्ण रक्कम बहुधा निघायच्या तीन-चार महिने आधी भरावी लागते. लक्झरी कंपन्यांचं तर कधी त्याहून लवकर. त्यानंतर रद्द केलं तर कापली जाणारी टक्केवारी टप्प्याटप्प्याने वाढत शंभरवर जाते. शेंगेन व्हिसाचा अर्ज मात्र प्रवासाच्या सहा महिने आधीपासूनच करता येतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्याच्या हंगामात अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो. म्हणजे सगळे पैसे भरून झालेत आणि सहापैकी एकाचा व्हिसा अजून आलेला नाही, अशी वेळ येऊ शकते. आमच्या ओळखीत एका कुटुंबावर ती आली. आजोबांचा व्हिसा नाकारला गेला आणि त्यांच्या तिकिटाचा एक पैसा परत मिळाला नाही. त्यामुळे सहा महिन्यांची खिडकी उघडताच अर्ज करा, आणि व्हिसा नाकारला तर काय परत मिळेल हे एजंटकडून लेखी घ्या. ‘बघू, करून देऊ’ यावर थांबू नका.

व्हिसा ‘मल्टिपल एंट्री’च मागा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३पासून शेंगेनमध्ये आहे, पण कोटोर ज्या माँटेनेग्रोत आहे तो देश नाही. तिथे गेलात की शेंगेन सोडलंत, आणि दुब्रोव्हनिकला पुन्हा आत शिरताय. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर जहाजाची मंडळी मुळात चढूच देत नाहीत. अर्ज जिथे रात्री जास्त त्या देशाकडे, सारख्या असतील तर जिथून प्रथम प्रवेश त्या देशाकडे. रोममध्ये तीन-चार दिवस राहणार असाल तर इटली सरळ बसते. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या खालच्यांना माफ. तुमचा धाकटा माफीत बसतो, प्रवासाच्या आधी वाढदिवस येत नसेल तर. तुर्कस्तानची सफर घेतलीत तर तिथला नियम वेगळा, तो जहाज कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच गोळा करायचा आयकर, कापला जातो. दर अर्थसंकल्पागणिक बदलतो म्हणून आकडा लिहीत नाही. तो खर्च नाही, विवरणपत्र भरताना वळता करता येतो. पण आधी रोख उभी करावी लागते, आणि ज्याच्या पॅनवर बुकिंग त्याच्याच नावे तो जमा होतो. बाबांचं उत्पन्न करपात्र नसेल तर परतावा मागावा लागेल, हे ध्यानात ठेवून नाव टाका.

दोन कोटेशन शेजारी ठेवताना मोठ्या जहाजाच्या किमतीत टिप्स, पेयं, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली धरल्या आहेत का ते बघा. राखीव विभागात बऱ्याच गोष्टी धरलेल्या असतात, पण प्रत्येक कंपनीचं वेगळं.

निशिगंध

हिशेबनीस, वाढदिवस सप्टेंबरात आहे. पण खरंच, हा मुद्दा डोक्यातही आला नव्हता. तुमचे आभार कसे मानू!

मुलांबद्दल कोणी सांगेल का? आणि आईंच्या जेवणाचं?

चैत्रपालवी

मुलांचं सांगते. आधी वयाची अट बघायची. व्हायकिंग या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर १८च्या खाली प्रवेशच नाही. एक्सप्लोरा जर्नीज या दुसऱ्या कंपनीच्या जहाजांवर मुलांचा क्लब आहे. एक्सप्लोरा १ हे जहाज २०२३ मध्ये आलं, ४६१ स्वीटचं. सिल्व्हरसी कंपनीच्या जहाजांवर मुलं चालतात, पण वातावरण मोठ्यांचंच.

आता मे महिन्याबद्दल. आपल्याकडे मेमध्ये शाळांना सुट्टी, युरोप-अमेरिकेत नाही. त्यामुळे मेमधल्या छोट्या लक्झरी जहाजावर तुझ्या दोघांच्या वयाची मुलं जेमतेम असतील, कदाचित नसतीलही. मुलांचा कार्यक्रमसुद्धा बऱ्याचदा जुलै-ऑगस्टच्या किंवा ख्रिसमसच्या सफरींनाच असतो. मोठ्या जहाजावर वयोगटानुसार क्लब वर्षभर चालतात, किशोरवयीनांचा वेगळा असतो. पाच वर्षांचा मुलगा तिथे रमेल. पंधराच्या मुलीला मैत्रिणी मिळतील. ही मोठ्या जहाजाची खरी जमेची बाजू आहे आणि ती हलकी समजू नकोस.

दिवाळीबद्दल: दिवाळी ऑक्टोबरात असेल तर उत्तम, समुद्राचं पाणी मेपेक्षा उबदार असतं. नोव्हेंबरात गेली तर बहुतेक लक्झरी जहाजं भूमध्य सोडून अटलांटिकपार निघालेली असतात.

रानवारा

मेच घेत असाल तर दहावीचा निकाल आणि अकरावीचा ऑनलाइन प्रवेश लक्षात ठेवा. निकाल मेमध्ये लागतो. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा बरा. आमच्या पुतणीच्या वेळी पहिल्या फेरीचे पसंतीक्रम भरताना घरात सगळ्यांची धावपळ उडाली होती.

अबोली

निशिगंध, मी माझ्या आईला घेऊन गेले होते आणि तीही तुझ्या सासूबाईंसारखीच. जेवणाची काळजी करू नकोस, पण आधी कळव. बुकिंग करताना, मग निघायच्या दोनेक महिने आधी ईमेलने, आणि चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी रेस्टॉरंटच्या प्रमुखाला भेटून. ‘शाकाहारी’ एवढंच म्हटलं तर मासे चालतील असं समजणारे भेटतात. अंडं, मासे, चिकनचा रस्सा, जिलेटिन, यातलं काहीच नको असं एकेक नाव घेऊन सांग. स्वयंपाकघरात भारतीय माणसं असतातच. आमच्या जहाजावर वाढणारा मुलगा काणकोणचा होता. त्याने पहिल्या रात्रीच आईला विचारलं, वरण घट्ट आवडतं की पातळ. दुसऱ्या दिवसापासून तिच्या ताटात वाटीभर वरण, वर तुपाची धार आणि लिंबाची फोड आली.

संकष्टीची गंमत वेगळीच झाली. उपासाला उकडलेले बटाटे, दही, फळं, दाणे मिळाले, सोबत पाकीटबंद राजगिऱ्याचे लाडू होतेच. अडलं चंद्रोदयाच्या वेळेवर. पंचांगातली वेळ पुण्याची, फोनवर नेट नाही, आणि आदल्या रात्री इटलीकडून ग्रीसकडे येताना घड्याळं तासभर पुढे केलेली. मी रिसेप्शनला विचारलं. त्या मुलीने थेट ब्रिजवर फोन लावला. जहाज चालवणाऱ्यांकडे सूर्य-चंद्राच्या उदयास्ताच्या वेळा त्या त्या जागेनुसार काढलेल्याच असतात. तिने कागदाच्या चिठ्ठीवर वेळ लिहून दिली आणि कोणत्या बाजूच्या डेकवर उभं राहायचं तेही सांगितलं. चंद्र क्षितिजावर लालसर दिसला तेव्हा चिठ्ठीतल्या वेळेत मिनिटाचाही फरक नव्हता. आईने तो कागद देवघराच्या खणात ठेवला आहे.

एक सूचना: इलेक्ट्रिक किटली, इस्त्री नेऊ नका. चढतानाच्या तपासणीत काढून घेतात आणि सफर संपताना परत देतात. घरचे सुटे डबेही चालत नाहीत, पाकीटबंद कोरडा खाऊ बहुधा चालतो. आणि जहाजावरची फळं खिशात घालून बंदरात उतरू नका, काही देशांत दंड होतो.

पिंपळपान

अबोली, फार छान लिहिलंत. माझं मत बऱ्यापैकी बदललं.

लेकीसाठी सुचवतो: नेपल्स किंवा रोमहून पॉम्पेई दाखवाच. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं गाव आहे. दगडी रस्त्यात गाड्यांच्या चाकांच्या खाचा अजून दिसतात. नेपल्सहून चिर्कुमव्हेसुव्हियाना नावाची लोकल ‘पॉम्पेई स्काव्ही’ला सोडते. फरसबंदी उंचसखल आहे, पण आतमध्ये तीनेक किलोमीटरचा अडथळ्यांविना केलेला मार्ग आखलेला आहे, बाबांनाही तोच घ्या. तुम्ही रोमला आधी राहणार असाल तर वेगवान रेल्वेने नेपल्स सव्वा तासावर आहे.

दर्यावर्दी

रोम-ट्रिएस्ट मार्गाचं एक राहिलं. मेसिनाच्या सामुद्रधुनीकडे जाताना जहाज बहुधा स्ट्रॉम्बोलीजवळून जातं. समुद्रातून वर आलेला ९२४ मीटरचा जागृत ज्वालामुखी, आणि माथ्यावरून थोड्या थोड्या वेळाने ठिणग्यांचा कारंजा. रात्री जात असाल तर कप्तान ध्वनिक्षेपकावरून सांगतो. लेकीला आधीच उठवून ठेवा. मेसिनाच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर यांत्रिक घड्याळ आहे, दुपारी बारा वाजता सोन्याचा सिंह गर्जना करतो आणि कोंबडा आरवतो. चिरंजीवांना त्याच वेळी चौकात उभं करा. व्हॅलेटाला बारा आणि चार वाजता तोफ उडते, लिफ्टने वर गेलात की समोरच. कोटोरच्या आखातात शिरताना सकाळी लवकर डेकवर जा, दोन्ही बाजूंनी डोंगर इतके जवळ येतात की खाडीतून लाँचने चाललोय असं वाटतं. दुब्रोव्हनिकला जहाज ग्रुझला लागतं, जुनं शहर तीन किलोमीटर, शटल घ्या. आतला मुख्य रस्ता स्त्रादून अगदी सपाट आहे, बाबांनी तोच धरावा. तटावर चढायचं काम तुम्ही आणि लेकीने करा.

आणि पहिल्या दिवशीची आपत्कालीन कवायत सगळ्यांनी मनापासून करा, आईंना सोबत घेऊन जमण्याच्या जागेपर्यंत एकदा चालत जा. १३ जानेवारी २०१२ला कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या जिल्यो बेटाशी खडकावर आदळली, ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. तेव्हापासून नियम बदलला, जहाज सुटायच्या आधी कवायत सक्तीची आहे. मी या पेशात होतो, म्हणून कळकळीने सांगतो.

निशिगंध

मंडळी, काल सगळ्यांनी बसून धागा मोठ्याने वाचला. लेकीला विचारलं, बाकी मुलं नसतील तर कंटाळशील का. ती म्हणाली, पॉम्पेई आणि स्ट्रॉम्बोली मिळणार असेल तर मला पाण्याच्या घसरगुंड्या नकोत. आम्ही छोटं जहाज, रोम ते ट्रिएस्ट, एप्रिलअखेरची सफर घेतोय. आधी रोमला राहणार. एजंटने व्हिसा नाकारल्यास परताव्याची अट लेखी दिली आहे. मुलांचा कार्यक्रम त्या सफरीला नाही, हे त्याने स्पष्ट सांगितलं, त्यामुळे धाकट्याचं आम्हीच बघू. आईंनी पैठणी काढून ठेवलीय, औपचारिक रात्री चालेल ना?

शेवटचा प्रश्न: खोल्या कशा घ्याव्या?

चैत्रपालवी

पैठणी अगदी चालते, राष्ट्रीय पोशाख सगळीकडे मानाने बघतात. खूप खूप शुभेच्छा!

दर्यावर्दी

छान निर्णय. खोल्यांचं असं: लक्झरी जहाजांवर एका स्वीटमध्ये तिसरा पलंग मोजक्याच खोल्यांत असतो, चौथा जवळजवळ नाहीच. त्यामुळे तुम्हाला तीन स्वीट लागतील. त्यातल्या दोन, तुमची आणि मुलांची, आतून दार असलेल्या घ्या. अशा जोड्या जहाजावर थोड्याच असतात, त्या आधी संपतात. आई-बाबांची समोर किंवा शेजारी, लिफ्टपासून जवळ, पण लिफ्टला भिंत लागून नको.

डेकचा नकाशा उघडा आणि तुमच्या खोलीच्या बरोबर वर काय आहे ते बघा. वर पूल असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज डोक्यावर येतो. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील तर रात्र शांत जाते. बाथरूममध्ये टबऐवजी शॉवर मागा, टबची कड ओलांडणं बाबांना अवघड जाईल. हे सगळं आज-उद्या एजंटला ईमेलने कळवा आणि खोल्यांचे नंबर कन्फर्मेशनवर छापून आलेत का ते बघा. नंबराऐवजी ‘गॅरंटी’ असं आलं असेल तर खोली कंपनी आपल्या मर्जीने देते, तसं मान्य करू नका.